स्ट्रॅटचे पिकअप घरी बदलायचे तर: आधी मीटर, मग सोल्डर

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग, बदलून झाले, तारा चढवल्या, ॲम्पला लावलं आणि गिटार मुकी. किंवा आवाज येतो, पण स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा. नाहीतर नुसती घरघर. नव्याने हे काम करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. सोल्डरिंग जमलं नाही म्हणून काम बिघडलं असं सगळ्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. जुनं काही मोजून ठेवलेलं नसतं, नवा पिकअप बसवण्याआधी तपासलेला नसतो आणि पहिला आवाज ऐकला जातो तो सगळं बंद करून, तारा सुरात लावल्यावर. मग पुन्हा सगळं उघडा.

इथे उदाहरण घेतलं आहे तीन सिंगल कॉइलच्या (एकाच गुंडाळीच्या पिकअपच्या) स्ट्रॅट, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, जातीच्या गिटारचं: तीन पिकअप, पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम आणि दोन टोन. शिकणाऱ्यांच्या हातात जास्त करून हीच असते. ब्रिजला (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, असेल तर त्याच्या रंगीत वायरींचा वेगळा भाग पुढे आहे. बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप पहिल्या कामासाठी घेऊ नका. त्यांना साधारण २५ किलोओहमचे पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) लागतात, ९ व्होल्टची बॅटरी बसवायला जागा लागते आणि स्टिरिओ जॅकही लागतो. म्हणजे पिकअपसोबत जवळपास सगळं वायरिंग बदलावं लागतं.

## आधी रस्ता समजून घ्या

आराखडा समोर ठेवून नुसती वायर तिथे वायर असं जोडत गेलात, तर चूक झाली की ती कुठे शोधायची ते कळत नाही. रस्ता सोपा आहे. प्रत्येक पिकअपमधून दोन वायर येतात, एक हॉट (सिग्नलची) आणि एक ग्राउंड (परतीची). हॉट स्विचवर जाते. स्विचच्या कॉमन पिनमधून (निवडलेला पिकअप जिच्याशी जोडला जातो ती) सिग्नल व्हॉल्यूम पॉटच्या एका बाहेरच्या पायावर येतो, मधल्या पायावरून निघतो आणि जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पट्टीला) जातो. सगळ्या ग्राउंड वायर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर एकत्र येतात आणि तिथून जॅकच्या स्लीव्हला (प्लगच्या दांड्याला टेकणाऱ्या भागाला) जातात. ब्रिजकडून, म्हणजे मागच्या स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिथून, येणारी एक वायरही याच पाठीवर येते. तिच्यामुळे तारा ग्राउंड होतात.

म्हणजे फक्त पिकअप बदलायचे असतील तर काम सहा जोडांचं आहे: तीन हॉट स्विचवर आणि तीन ग्राउंड पॉटच्या पाठीवर. टोन पॉट, कपॅसिटर आणि जॅक यांना हातही लावायचा नाही. पहिल्यांदा करताना एवढंच करा. पॉट, स्विच आणि शिल्डिंग (बाहेरची घरघर अडवणारं आतलं फॉइल किंवा रंग) एका दमात बदलायला जाणाऱ्याला बिघाड सापडत नाही, कारण संशय घ्यायला जागा फार होतात.

## तयारी

मल्टिमीटर सगळ्यात महत्त्वाचा. अगदी स्वस्तातला चालेल, पण त्यात २० किलोओहमची रेंज हाताने निवडता यायला हवी आणि कंटिन्युइटीचा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणारा, बझर हवा. रेंज आपोआप निवडणारे मीटर पुढच्या फेजच्या (पिकअप एकमेकांशी सुलट जोडले जातात का, या) चाचणीत आकडा धरून ठेवत नाहीत, गोंधळ घालतात.

सोल्डरिंग आयर्न घेताना घोटाळा होतो. सगळीकडे मिळणारा २५ वॉटचा आयर्न स्विचच्या पिनांना पुरतो, पण पॉटची पाठ हा धातूचा मोठा तुकडा असतो आणि तो उष्णता ओढून घेतो. छोटा आयर्न मिनिटभर टेकवला तरी सोल्डर तिथे चिकटत नाही, आणि तोपर्यंत आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. ५० ते ६० वॉटचा, तापमान ठरवता येणारा आयर्न घ्या आणि त्याला चपटं टोक लावा. सुईसारखं टोक या कामाला निरुपयोगी आहे. सोल्डर ६०/४० चं, आत रोझिन (राळ) असलेलं, ०.८ मिलिमीटर जाडीचं. पत्र्याच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट चुकूनही वापरू नका. जोड त्या दिवशी छान दिसतो आणि पुढे हिरवा पडून सडतो.

याशिवाय सोल्डर ओढायचा पंप, वायर सोलायचा चिमटा, बारीक सँडपेपर, उष्णतेने आवळणारी नळी, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून जाड टॉवेल आणि तारांचा नवा सेट. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. पॉट मात्र तिथून घेताना नीट बघा. रेडिओ-ॲम्प्लिफायरसाठी ठेवलेले पॉट बरेचदा लिनिअर असतात, म्हणजे त्यांच्यावर बी लिहिलेलं असतं. गिटारच्या व्हॉल्यूमला लॉग, म्हणजे ए, घेतात. सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) आणि हंबकरला ५०० के अशी रीत आहे. दांड्यावर दातऱ्या आहेत की तो गुळगुळीत आहे हेही पाहा, नाहीतर जुना नॉब बसणार नाही.

## पिकअप मागवण्याआधी मापं घ्या

जुन्या पिकअपच्या पहिल्या आणि सहाव्या पोल पीसमधलं (पोल पीस म्हणजे प्रत्येक तारेखालचा धातूचा गोल दांडा) मध्य ते मध्य अंतर मोजा. स्ट्रॅटच्या जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये ते साधारण ५२ मिलिमीटर असतं, स्वस्त गिटारींमध्ये बरेचदा ५० च्या आसपास. नवा पिकअप ५२ चा आणि जुनं प्लास्टिकचं कव्हर ५० चं असेल तर ते बसणार नाही. अशा वेळी नवं कव्हर घ्या.

सावधान: कव्हर बसत नाही म्हणून पोल पीस दाबू किंवा ढकलू नका. जुन्या धाटणीच्या अल्निको (चुंबकाचा एक मिश्रधातू) पिकअपमध्ये कॉइलची तार थेट चुंबकाच्या दांड्यांभोवती गुंडाळलेली असते. ती ४२ गेजची, म्हणजे ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. दांडा जरासा सरकला की ती तुटते आणि पिकअप गेला.

शक्यतो तिन्ही पिकअपचा सेट घ्या. सेटमधला मधला पिकअप सहसा उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घरघर मरते. एकच पिकअप वेगळ्या कंपनीचा घेतला तर हे जुळेलच असं नाही.

## पायरी १: काही न उघडता पहिली नोंद

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्या कामात हीच सर्वांत उपयोगी आहे. गिटारला केबल लावा, दुसरं टोक ॲम्पला न लावता मोकळं ठेवा. मीटर २० किलोओहमवर, एक प्रोब प्लगच्या टोकावर आणि दुसरा प्लगच्या दांड्यावर. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. आता स्विच पाचही जागांवर नेऊन आकडे कागदावर लिहा.

सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात किलोओहम दाखवतो. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप समांतर असतात, म्हणून आकडा जवळपास निम्मा होतो. व्हॉल्यूम पॉटही समांतर असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जरा कमी दिसतो: ६ चा पिकअप २५० के पॉटबरोबर ५.८६ च्या आसपास. यात बिघाड काही नाही. व्हॉल्यूम शून्यावर नेलात की आकडाही शून्याजवळ यायला हवा.

तपासा: आकडे विचित्र मोठे येत असतील तर व्हॉल्यूम अर्धवट उघडा राहिला आहे का ते आधी बघा.

आता स्लीव्ह आणि कुठलीही एक तार यांच्यात बझर लावून पाहा. वाजला तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. काम संपल्यावर हेच सगळे आकडे पुन्हा घ्यायचे आहेत, म्हणून कागद जपून ठेवा.

## पायरी २: उघडणं आणि फोटो

तारा हळूहळू ढिल्या करून काढा. टॉवेल पसरून गिटार पाठीवर ठेवा. पिकगार्डला (पिकअप आणि नॉब ज्या प्लास्टिकच्या पत्र्यावर बसवलेले असतात त्याला) आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये ११ स्क्रू असतात, जुन्या नमुन्यात ८. ते एका वाटीत आणि पिकअपपासून लांब ठेवा, कारण सुटा स्क्रू चुंबकाकडे उडी मारतो आणि जाता जाता कॉइलला लागू शकतो.

पिकगार्ड एका बाजूने उचला आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं टॉवेलवर उलटं करा. ओढू नका. जॅकच्या दोन वायर आणि ब्रिजची ग्राउंड वायर त्याला अजून अंगाशी बांधून ठेवतात. ब्रिजची वायर स्प्रिंगच्या पट्टीकडून सोडवू नका. ती पट्टी एवढी जाड असते की घरच्या आयर्नने तिथे पुन्हा जोड लावणं जिकिरीचं होतं. अडचण होत असेल तर पॉटच्या पाठीकडून सोडवा.

आता फोटो काढा. एक सगळ्याचा, एक पॉटच्या पाठीचा, आणि स्विचचे दोन्ही बाजूंनी. फोटोत वायरींचा रंग कळतो पण कुठली वायर कुठल्या पिनवर गेली ते बरेचदा कळत नाही, म्हणून कागदावर साधं चित्रही काढा. जुन्या तिन्ही पिकअपच्या वायरींना कागदी टेपची चिठ्ठी लावून नाव लिहा: नेक (मानेकडचा), मधला, ब्रिज.

## पायरी ३: स्विचच्या पिना मीटरने ओळखा

अमेरिकी धाटणीचा उघडा स्विच आणि स्वस्त गिटारींमधला पेटीसारखा बंद स्विच यांची पिनांची मांडणी वेगळी असते. दुसऱ्यात सगळ्या आठ पिना एका ओळीत असतात आणि कॉमन कुठल्या, हे बनावटीप्रमाणे बदलतं. कुठूनतरी मिळवलेला आराखडा पाहून त्यावर डोळे झाकून वायर लावल्यामुळे फसलेली कामं मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

पिकअपच्या हॉट वायर जिथे जोडलेल्या आहेत त्या पिना तर दिसतातच. तुम्ही फक्त पिकअप बदलत असाल तर नवी हॉट वायर जुनीच्याच पिनवर लावायची, विषय संपला. स्विचही बदलत असाल तर नवा स्विच हातात घेऊन, काही जोडण्याआधी, बझरने तपासा. एका बाजूची जी पिन पाचही जागांवर कुठल्या ना कुठल्या पिनशी जोडलेली राहते ती कॉमन. मग पहिल्या जागेवर कॉमनशी वाजते ती ब्रिजची पिन, तिसऱ्यावर वाजते ती मधल्याची, पाचव्यावर वाजते ती नेकची. दुसऱ्या जागेवर ब्रिज आणि मधला दोन्ही वाजले पाहिजेत.

## पायरी ४: नवे पिकअप टेबलावर तपासा

आधी प्रतिकार. मीटर २० किलोओहमवर, हॉट वायरला लाल प्रोब आणि ग्राउंडला काळा. पाकिटावर दिलेल्या आकड्याच्या जवळपास हवा. ओएल (आकडा रेंजबाहेर) किंवा नुसता १ दिसला तर कॉइल तुटलेली आहे किंवा रेंज चुकली आहे. तुटलेला निघाला तर सोल्डर लागण्याआधीच परत करा, नंतर दुकानदार घेणार नाही.

मग फेज. प्रोब तसेच ठेवून लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं पातं पोल पीसवर आडवं टेकवा, आकडा स्थिर होऊ द्या आणि पातं झटकन सरळ वर उचला. आकडा क्षणभर वर उडी मारेल किंवा खाली जाईल आणि मग जागेवर येईल. तीनचार वेळा करा म्हणजे खात्री पटते. तिन्ही पिकअपनी एकाच दिशेला उडी मारली पाहिजे. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असला तरीही, कारण त्याचं चुंबकही उलटं असतं आणि दोन उलट मिळून सुलट होतं.

एखाद्याची उडी उलट दिशेला गेली तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करायची: जिला ग्राउंड समजत होता ती हॉट. चिठ्ठीवर तसं लिहून ठेवा. पिकअपवर धातूचं कव्हर किंवा पट्टी असेल आणि ग्राउंड वायर तिला जोडलेली असेल तर मात्र अशी अदलाबदल चालत नाही, ते कव्हर हॉट होऊन बसतं.

सगळ्यात जास्त रडवणारा बिघाड, दुसऱ्या-चौथ्या जागेवरचा पातळ आवाज, या एका चाचणीत टेबलावरच सापडतो.

### हंबकर असेल तर

चार रंगीत वायर आणि एक नागडी. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, आणि इथेच घात होतो. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून इन्सुलेट करायच्या, हिरवी आणि नागडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि नागडी ग्राउंडला.

डिमार्झिओचा पिकअप डंकनच्या रंगांप्रमाणे जोडला तर काय होतं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोन कॉइल जोडल्या जातात, मीटर अगदी बरोबर आकडा दाखवतो, पण एक कॉइल उलटी लागलेली असते. आवाज पातळ येतो आणि हंबकर असूनही घरघर करतो. आकडा बरोबर आणि आवाज चूक, असं दिसलं की रंग पुन्हा तपासा. या दोन सोडून तिसरी कंपनी असेल तर त्यांच्याच कागदावर विश्वास ठेवा, अंदाज करू नका.

एकमेकींना जोडायच्या दोन वायर तशाच मोकळ्या सोडल्या तर ओएल दिसतं आणि आवाज येत नाही. जोडून सोल्डर केल्या पण नळी घातली नाही तर त्या कधीतरी ग्राउंडला टेकतात, आणि मग अर्धा हंबकर वाजत राहतो. जुन्या धाटणीच्या हंबकरला बाहेरून धातूची जाळी असलेली एकच वायर असते. तिच्यात जाळी ग्राउंड आणि आतली हॉट. जाळीचा एखादा सुटा केस हॉटच्या पिनला शिवला की गिटार मुकी.

## पायरी ५: जुने पिकअप काढणं

आयर्न ३५० अंश सेल्सिअसवर स्विचच्या पिनला टेकवा, सोल्डर वितळलं की वायर हलकेच बाजूला घ्या. ओढून काढू नका. वितळलं नसताना ओढलं तर पिन हलते आणि आतलं प्लास्टिक सैल होतं. उरलेलं सोल्डर पंपाने ओढून घ्या. एका पिनवर चार सेकंदांहून जास्त राहू नका. जमलं नाही तर थांबा, पिन गार होऊ द्या, पुन्हा या.

जुने पिकअप कापून काढायचा मोह होतो. कापू नका. पूर्ण लांबीच्या वायरीसकट काढलेला पिकअप उद्या परत लावता येतो किंवा विकता येतो.

## पायरी ६: नवे पिकअप पिकगार्डवर बसवणं

पिकअपच्या मागे लिहिलेलं किंवा चिठ्ठीवरचं नाव बघूनच जागा द्या. ब्रिजचा पिकअप सहसा जास्त ताकदीचा असतो, कारण ब्रिजजवळ तारेचं कंपन कमी असतं. तो नेकला लावला तर नेक गडद आणि जड वाजतो, आणि ब्रिज बारीक.

स्प्रिंग किंवा रबराची नळी घालून स्क्रू आत घ्या. दोन्ही बाजू आळीपाळीने, थोडं इकडे थोडं तिकडे. एकच बाजू शेवटपर्यंत आवळली की पिकअप तिरका होतो आणि स्क्रूचं भोक चिरतं. प्रत्येक पिकअपच्या दोन वायर एकमेकींभोवती सैलसर पिळा. जास्तीची लांबी लगेच कापू नका.

## पायरी ७: सोल्डरिंग, आधी ग्राउंड

आधी पॉटची पाठ, मग स्विच. पाठीच्या कामाला जास्त उष्णता लागते, हात जास्त हलतो, वायर इकडेतिकडे जातात. नाजूक जोड त्याआधी करून ठेवले तर ते तुटतात.

पाठीवर चण्याएवढी जागा सँडपेपरने घासून चकचकीत करा. जुन्या सोल्डरचा डोंगर असेल तर थोडं पंपाने काढा, सगळं काढायची गरज नाही. आयर्न ३८० ते ४०० वर न्या, टोक पितळी स्पंजात पुसा आणि त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या. मग टोक पाठीवर चपटं टेकवा, टोकाची धार नव्हे, पूर्ण सपाट बाजू. दोनतीन सेकंदांनी टोकाशेजारी सोल्डर टेकवा. आधी ते गोळीसारखं उभं राहतं. धातू तापला की गोळी अचानक खाली बसते, कडा पातळ होऊन पसरतात आणि पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. हा क्षण बघायला शिका, सगळं सोल्डरिंग यातच आहे. गोळी उभीच राहिली तर ती नुसती वर बसली आहे, चिकटलेली नाही.

आता तीनही ग्राउंड वायरींची टोकं साधारण पाच मिलिमीटर सोला, पिळा आणि त्यांनाही सोल्डर पाजून घ्या. कापडी वेष्टनाची वायर असेल तर सोलायची नाही, कापड मागे सरकवायचं. पाठीवरच्या थरावर वायर ठेवा, वरून आयर्न दाबा, दोन्ही वितळून एक झाले की आयर्न काढा आणि वायर अजिबात न हलवता पाच सेकंद धरा. गार होताना हललेला जोड राखाडी आणि दाणेदार दिसतो. दुरुस्तीवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. तो आज चालतो आणि पुढे कधीतरी दगा देतो.

स्विचच्या पिनांसाठी तापमान पुन्हा ३५० वर आणा. वायर पिनच्या भोकातून घाला, थोडी वळवा, पिन आणि वायर दोन्ही एकदम तापवा, सोल्डर पिनला लावा, आयर्नला नाही. दोन शेजारच्या पिनांत सोल्डरचा पूल झाला आहे का ते भिंगातून पाहा.

सावधान: सोल्डरचा धूर नाकात घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. ६०/४० मध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

व्हॉल्यूम पॉटही बदलला असेल तर पाय नीट लावा. पॉटची पाठ तुमच्याकडे आणि पाय खाली असे धरलेत की डावा पाय स्विचकडून येणारा, मधला जॅकच्या टिपला आणि उजवा वाकवून पाठीला ग्राउंड. डावा-उजवा उलटा झाला की नॉब उलटा चालतो.

## पायरी ८: बंद करण्याआधी तपासणी

पिकगार्ड अजून उलटाच आहे. पहिल्या पायरीसारखे मीटरने पाचही जागांचे आकडे घ्या आणि नव्या पिकअपच्या पाकिटावरच्या आकड्यांशी जुळवा. एखाद्या जागेवर ओएल आलं तर त्या पिकअपचा जोड सुटा आहे किंवा तो चुकीच्या पिनवर गेला आहे. शून्य आलं तर कुठेतरी हॉट आणि ग्राउंड एकमेकांना शिवले आहेत.

मग ॲम्प कमी आवाजावर लावा आणि पिकगार्ड आडवा धरून स्क्रूड्रायव्हरने पोल पीसवर हलकेच टकटक करा. स्विच ज्या जागेवर आहे त्याच पिकअपवर जोरात टक वाजली पाहिजे, दुसऱ्यावर जेमतेम. ब्रिज आणि नेक उलटसुलट लागले असतील तर इथेच कळतं. व्हॉल्यूम आणि दोन्ही टोन फिरवून बघा.

आता वायर खोबणीत नीट बसवून पिकगार्ड ठेवा, दोनच स्क्रू हाताने लावा आणि पुन्हा आकडे घ्या. बाहेर चालणारी गिटार बंद केल्यावर मुकी होते, याचं नेहमीचं कारण आतलं तांब्याचं फॉइल किंवा शिल्डिंगचा काळा रंग. स्विचची हॉट पिन खोबणीच्या भिंतीला टेकते, किंवा जॅकची टिपची पट्टी वाटीतल्या फॉइलला. त्या जागी इन्सुलेशन टेप लावा. आकडे जुळले तर बाकीचे स्क्रू लावा. लाकडातल्या जुन्या आट्यांत स्क्रू बसण्यासाठी आधी तो उलटा फिरवा, खट्ट करून खाली बसला की मग सुलटा आवळा.

## पायरी ९: तारा आणि पिकअपची उंची

तारा लावून सुरात आणा. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तारेच्या खालच्या कडेपासून पोल पीसपर्यंतचं अंतर मोजा. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलला जाड तारेकडे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. ब्रिजच्या हंबकरला १.६ च्या आसपास.

पिकअप जवळ आणला की आवाज मोठा होतो, म्हणून नवे लोक तो वर वर घेत जातात. सिंगल कॉइलची चुंबकं तारेला ओढतात. जाड तार बाराव्या फ्रेटच्या पुढे डगमगती, दोन सुरांत वाजल्यासारखी येते आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर नीट लागणं) काही केल्या जुळत नाही. असं झालं तर पिकअप खाली घ्या, ब्रिजच्या खोगिरांना (प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या छोट्या तुकड्यांना) हात लावू नका. उंची ठरवताना तिन्ही पिकअपचा आवाज सारखा ठेवण्याकडे लक्ष द्या. मी आधी नेकचा ठरवतो आणि बाकीचे दोन त्याला जुळवतो, कारण नेकच्या जागी तार सर्वांत जास्त हलते.

## तरीही बिघडलं तर

आवाजच नाही: केबल आधी बदलून बघा. मग जॅकच्या टिपपासून मागे मागे बझर लावत या: जॅक, व्हॉल्यूमचा मधला पाय, बाहेरचा पाय, स्विचचा कॉमन, पिकअपची पिन.

तारांना हात लावला की घरघर कमी होते: तुमचं शरीर आसपासची घरघर गोळा करतं, ग्राउंड झालेल्या तारेला हात लावला की ती वाट मिळते. सिंगल कॉइलला हे होतंच. फरक फारच मोठा असेल तर ग्राउंडचा एखादा जोड कच्चा आहे का ते पाहा.

हात लावला की घरघर वाढते: जॅकवर टिप आणि स्लीव्ह उलट लागले आहेत.

स्विच फिरवताना मधेच आवाज जातो, पिकगार्ड दाबला की येतो: ड्राय सोल्डर. राखाडी दिसणारे जोड थोडं ताजं सोल्डर देऊन पुन्हा वितळवा.

तारेला हात लावला की झिणझिण्या येतात: वाजवणं ताबडतोब थांबवा आणि ॲम्पचा प्लग काढा. हा दोष घराच्या अर्थिंगचा किंवा ॲम्पचा असतो, पिकअपचा नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून किंवा दोन पिनांचा ॲडाप्टर लावून ॲम्प चालवणं जिवावर बेतू शकतं, कारण तारा ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या.

एकाच खोलीत जोरात गूं-गूं, दुसरीकडे नाही: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर आणि एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर एकेक करून बंद करून बघा. गिटार हातात धरून जागच्या जागी वळा. वळताना आवाज कमीजास्त झाला तर सिंगल कॉइल बाहेरचा आवाज पकडते आहे, आणि गिटार उघडण्यात काही अर्थ नाही.